बंद तोंडाची सेवा

शिवप्पांना गप्प बसायला सांगणं म्हणजे चालू मोटारीला पाणी ओढू नको म्हणण्यातला प्रकार. गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी भागवतरावांनी नेमकी तीच अट घातली आणि शिवप्पांनी ती कबूल केली.

नळदुर्गहून तुळजापूरकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात शिवप्पा मोटारी भरायचं काम करतात. विहिरीवरची नाहीतर बोअरमधली मोटार जळाली की आतली काळी पडलेली तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची आणि मोटार पुन्हा उभी करायची. उमर सगळी यातच गेली, आता सत्तरीला टेकलेत. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, पण नावं बदलायच्या भानगडीत घराणं पडलं नाही, त्यामुळं शिवप्पा शिवप्पाच राहिले. गावाच्या कडेला ख्रिस्ती मंडळींची दहा-बारा घरं, पत्र्याचं एक लहानसं चर्च आणि त्या चर्चचे सगळ्यांत जुने पंच म्हणजे हे.

मोटार भरून झाली की बटण दाबण्याआधी शिवप्पा तिच्यावर हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि मोठ्यानं प्रार्थना करायचे. ती काही ‘देवा, सगळ्यांचं भलं कर’ अशी घाऊक प्रार्थना नसायची. मोटार कुणाची, रान कुठलं, त्या घरात आजारी कोण, कुणाच्या पोरीचं जमत नाही, असं सगळं नावानिशी देवाच्या कानावर घालायचे. त्यासाठी गिऱ्हाईक आलं की आधी घरच्यांची चौकशी, मग मोटारीची. शेवटी ‘येशूच्या नावानं मागतो, आमेन’ म्हणायचं आणि मग बटण. गावाच्या हे अंगवळणी पडलं होतं. मारुतीला नारळ फोडून आलेला माणूसही थट्टेनं विचारायचा, “आप्पा, आमेन झालं का? न्हाय तर हात लावू नगा बटनाला.” थट्टेत अर्धा विश्वासही असायचा, आणि शिवप्पांना तेवढा पुरायचा.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर सगळं बिनसलं. बाहेरगावची काही प्रचारक मंडळी रविवारच्या उपासनेला आली, चहा घेऊन निघाली आणि जाता जाता थेट देवीच्या देवळासमोर उभी राहून पत्रकं वाटू लागली. वर देवीबद्दल नको ते बोलली. गाव खवळलं. ती मंडळी मोटारसायकलींना किक मारून निघून गेली. मागं राहिले शिवप्पा. ‘तुमच्याच चर्चमधनं आले नव्हं?’ असं जो तो विचारायचा, आणि आले होते हे खरंच होतं.

कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. लोक फक्त यायचे थांबले. नाताळाला दरसाल गाव चर्चच्या अंगणात चहा-फराळाला यायचं, त्या साली शेव-करंज्यांचे डबे भरलेले तसेच घरी परतले. त्याहून जिव्हारी लागलं ते दुसरंच. एकदा भागवतरावांचा सालगडी मोटार न्यायला आला. शिवप्पांनी सवयीनं डोळे मिटले, ‘हे परमेश्वरा’ म्हटलं, आणि डोळे उघडले तेव्हा मोटार टेम्पोत चढून टेम्पो वळणापलीकडं गेला होता. शिवप्पा मोकळ्या फरशीकडं बघत उभे राहिले.

भागवतराव म्हणजे गावचे माजी सरपंच. माणूस तापट, पण सरळ. त्यांच्या आई कस्तुराबाई, शिवप्पांच्या कस्तुराआक्का. शिवप्पांची आई गेली तेव्हा याच आक्कांनी त्यांच्या घरी भाकरी पाठवल्या होत्या, आणि नाताळाच्या फराळाला गावातून पहिलं पाऊल दरसाल त्यांचंच असायचं. या श्रावणात आक्कांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. शिवप्पांचा जीव तुटायचा. दोनदा ते त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि माघारी फिरले. म्हातारी आजारी पडली म्हणून बाटवायला आला, असं कुणी म्हटलं तर काय तोंड दाखवणार? आक्का अशा पडल्या असताना आपण त्यांच्या उंबऱ्यालाही जाऊ शकत नाही, हे त्यांना अन्नावरून उठवायचं. त्यांना दुसरं काही नको होतं. तेवढा उंबरा पुन्हा मोकळा व्हायला हवा होता.

आश्विन पौर्णिमेला कर्नाटकातून हजारो माणसं अनवाणी तुळजापूरला चालत जातात. गाव दरसाल रस्त्याकडेला मांडव घालून त्यांना चहा, केळी, उपीट देतं. शिवप्पांची सून हर्षाली उपकेंद्रात नर्स आहे. एकदा जेवताना ती सहज बोलून गेली, “मामा, लोकांस्नी खायाला मायंदाळ मिळतंय वाटेत. पायाकडं कुणी बघंना. फोड फुटून नुसती चाळण झाल्याली असती.”

शिवप्पांनी हातातला घास खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पारावर भागवतरावांपुढं उभे होते. कोमट पाणी, मीठ, मलम, पट्ट्या, सगळं चर्चचं. फक्त मांडवात एक कोपरा द्या, एवढंच मागणं.

भागवतरावांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत निरखलं. मग म्हणाले, “पानी द्या, मलम लावा. म्या न्हाय म्हननार न्हाय. पर देवाधर्माचा एक शबुद तोंडातनं न्हाय. पत्रक न्हाय, पाटी न्हाय, आमेनसुदीक न्हाय. देताव वचन?”

“दिलं,” शिवप्पा म्हणाले.

चर्चमध्ये यावरून चांगलीच जुंपली. चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब कुलदीप, नुकतेच आलेले, तिशीच्या आतले. सेवेच्या जागी लावायला त्यांनी बायबलचं वचन छापलेला मोठा फ्लेक्स करून आणला होता. “आप्पा, सेवा करायची आणि ती कुणाच्या नावानं करतोय ते लपवायचं, ही लबाडी नाही का?” त्यांनी विचारलं. प्रश्न खोटा नव्हता, आणि पोरगा मनापासून विचारत होता.

शिवप्पा म्हणाले, “पाळकसाहेब, गुड फ्रायडेच्या आदल्या दिशी, येशूनं शिष्यांचे धुतले तसे, तुमी चर्चमदी आमचे पाय धुताव. आमी काय करताव ठावं हाय का? घरून साबन लावून, नखं काढून येताव. धुतल्याले पाय तुमी धुताव. एकदा खरंच मळल्याले धुऊन बघू. मग काय बोलायचं ते सुचंल.”

पाळकसाहेबांना ते पटलं असं नाही. पण फ्लेक्स उलटा करून मांडवात खाली अंथरायला त्यांनीच आणून दिला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळपासून रीघ लागली. शिवप्पा पाटावर बसले, समोर खुर्ची, मध्ये घमेलं. शेजारी हर्षाली मलमपट्टीला आणि पाळकसाहेब पाण्याच्या बादल्या वाहायला. हर्षालीनं सासऱ्यांच्या हातावर लवंग ठेवली. “दाढंत धरा, मामा. बोलावंसं वाटलं की चावा.” दुपार व्हायच्या आत शिवप्पांनी लवंगांची अर्धी पुडी संपवली.

आणि भागवतराव समोरच्या चहाच्या टेबलाजवळ खुर्ची टाकून बसले होते. मुद्दाम, नजर ठेवायला.

एकेक पाय यायचे. टाचेला बोट जाईल एवढी भेग. डांबर चिकटून काळा झालेला तळवा. काटा मोडून सुजलेला अंगठा. शिवप्पा धुवायचे, पुसायचे, मान हलवून पुढच्याला बोलवायचे. प्रत्येक वेळी डोळे मिटायला लागायचे आणि ते ओढून उघडे ठेवायचे. गप्प राहणं त्यांना जड जात होतं, पण जमत होतं. लांबून भागवतराव बघत होते आणि त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल होत होती. आजचा दिवस असाच पार पडला तर उद्या-परवा आक्कांना बघायला येऊ का म्हणून विचारावं, असं शिवप्पांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा एक म्हातारी येऊन बसली. कर्नाटकातल्या आळंदकडची, नऊवारी, कपाळावर मळवट. पाय पाण्यात घातले आणि तिला रडू फुटलं. शिवप्पांची आजी तिकडचीच, त्यांना कानडी समजायचं. म्हातारी सांगत होती, लेक दवाखान्यात आहे, पोटात गाठ आहे, परवा कापणार आहेत. पाय गळून गेले पण थांबायची भीती वाटते, थांबले आणि तिकडं काही झालं तर?

शिवप्पांच्या तोंडून आपसूक निघालं, “हेसर एनु, अव्वा?” नाव काय तिचं?

“महानंदा.”

मग काय झालं ते शिवप्पांना नीट सांगता येत नाही. दोन्ही हात त्या पायांवर होते, डोळे कधी मिटले ते कळलं नाही. अर्धं मराठी, अर्धं कानडी, चांगलं खणखणीत ते मागत सुटले. महानंदाच्या पोटातली गाठ, डॉक्टरचा हात, मागं राहिलेली तिची लेकरं, या आईचे पाय. एकही गोष्ट सोडली नाही. आणि शेवटी, “येशूच्या नावानं मागतो, आमेन.”

डोळे उघडले. चहाची किटली धरलेला माणूस तसाच उभा होता. पाळकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. हर्षालीनं डोक्याला हात लावला. भागवतराव खुर्चीवरून उठून येत होते.

शिवप्पांना कळून चुकलं. गेलं सगळं. मांडव गेला, उंबरा गेला, आक्कांची भेट गेली. कुणा दुसऱ्यानं नव्हे, आपल्याच तोंडानं घालवलं. ते ओल्या हातांनीच उठले.

“भागवतराव, म्या वचन मोडलं,” ते म्हणाले. “ठरवून न्हाय मोडलं, पर मोडलं. यात पाळकसाहेबांचा न् सूनबाईचा काय दोष न्हाय. आमी सामान उचलताव.”

भागवतराव त्यांना ओलांडून पुढं गेले. ते त्या म्हातारीकडं वळले. “आजी, ह्येनी काय म्हटलं ते कळलं का तुमाला? ह्ये किरिस्ताव हायेत. त्येंच्या देवाचं नाव घेतलंय.”

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, “कळलं की. मी आईकडं चाललीय, आईकडंच जाणार. पर बाबा, तीन दिस मी चालतीय. जो भेटतोय तो म्हणतोय, आई बघून घेईल, चल पुढं. माझ्या लेकीचं नाव काय म्हणून कुणी विचारलं न्हाय. ह्येनी विचारलं.” तिनं पाय पुसून घेतले, हर्षालीकडून पट्टी बांधून घेतली, शिवप्पांना हात जोडले आणि वाटेला लागली.

भागवतराव ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग पायातली चप्पल उगीचच मागंपुढं करत म्हणाले, “आप्पा, तुमी आमच्या घरी का येईना झालाव?”

हा प्रश्न शिवप्पांच्या ध्यानीमनी नव्हता. “तुमाला चालायचं न्हाय असं वाटलं.”

“मलाबी तसंच वाटलं हुतं,” भागवतराव म्हणाले. “मोटार भरायला टाकली की तुमी आमच्या घरातल्या एकेकाचं नाव घेऊन मागायचाव. तवा हसायचो म्या. ती मोटार तशीच उचलून आनाया म्याच सांगितलं हुतं. आईला कळलं तवा दोन दिस माज्याशी बोलली न्हाय. आता तर तिला नीट बोलताबी येईना. पर श्रावणापस्नं डाव्या हातानं खुना करती, तोंड वाकडं करून करून तुमचं नाव घेती. म्या न कळल्यावानी करतो.” त्यांनी चप्पल पायात सरकवली. “चला. आत्ता चला.”

शिवप्पांना एकदम मोकळा श्वास आला. वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कुणी अल्लद उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. खांबाला धरून ते क्षणभर उभे राहिले. म्हातारा रडतोय की हसतोय ते हर्षालीलाही कळेना.

“हितली कामं?” त्यांनी विचारलं.

रिकाम्या पाटावर पाळकसाहेब बसलेसुद्धा होते. पुढचा वाटसरू खुर्चीत टेकला होता. त्याचा पाय हातात घेऊन पाळकसाहेब खालच्या आवाजात विचारत होते, “दादा, नाव काय तुमचं? घरी कोण कोण असतं?” मग नुसतं ऐकत पाय धूत राहिले. भागवतरावांनी ते पाहिलं आणि पुढं चालू लागले.

दोघं देवळाच्या बाजूनं गल्लीत शिरले. दारात बसलेल्या बायकांनी माना वळवल्या. कुणीतरी सवयीनं “बरं हाय का आप्पा?” म्हणालं, बऱ्याच दिवसांनी. दोनदा माघारी फिरलेलं ते वळण आलं आणि शिवप्पांची पावलं आपोआप अडखळली.

“भागवतराव,” ते म्हणाले, “मांडवात झालं ते झालं. आक्कांपुढं मातर म्या तोंड बंद ठेवीन. नुसता पायापाशी बसंन.”

भागवतरावांनी दार ढकललं आणि त्यांना पुढं होऊ दिलं.

“नगा ठेवू, आप्पा,” ते म्हणाले. “ती त्या आमेनचीच वाट बघत पडलीय.”