सरांची सही

शाळेत तिला सगळे किल्लीबाई म्हणत, कारण ऑफिसच्या कपाटाची किल्ली एकवीस वर्षं तिच्याच कमरेला होती. फी घेणारी तीच, बँकेत भरणारी तीच आणि हिशेब ताडून पाहणारीही तीच. मुख्याध्यापक इतके निर्धास्त, की महिन्याच्या सुरुवातीलाच पाच-सहा कोऱ्या चेकवर सह्या ठोकून मोकळे व्हायचे. "बाई, बाकीचं तुम्ही भरा," म्हणायचे. याला म्हणे विश्वास! शुद्ध आळस होता तो, पण बाईंना त्याचाच केवढा तोरा.

आज बँकेतून आणलेला चेकांचा गठ्ठा घेऊन ऑडिटर बाईंच्या समोर बसला होता.

"हा शिपायाच्या पगाराचा चेक. सही कुणाची?"

"सरांचीच. अगदी शपथेवर सांगते."

"तारीख पाच आहे. सर तर दोन तारखेला वारले ना?"

बाईंनी कमरेची किल्ली चाचपली. शिपायाचा पगार अडू नये, एवढंच तेव्हा मनात होतं. पैशाचीही अफरातफर नव्हती, पण आता ऐकणार कोण?

ऑडिटरने गठ्ठ्यातला पुढचा चेक उचलला. बाईंनी डोळे गच्च मिटून घेतले. तो फुलवाल्याचा होता, सरांच्या अंत्ययात्रेतल्या हाराचा. त्यावरही सही सरांचीच होती.