वाळवणाला बंदी

आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी गच्चीला कुलूप लावलं, त्या दिवशी माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून पुरती उतरलेली नाही. उतरावी असं मला वाटतही नाही.

लग्न होऊन मी नागपूरहून भोपाळला आले ती नेहरू नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. नवरा सरकारी खात्यात इंजिनिअर. क्वार्टरला मागे अंगण, वर मोकळं छत. उन्हं तापायला लागली की आजूबाजूच्या सगळ्या मराठी बायका पदर खोचून वाळवणाला लागायच्या. कोहळ्याच्या वड्या, मुगवड्या, ज्वारीचे पापड, गवारीच्या उकडलेल्या शेंगा, वांग्याच्या फोडी. त्याच्याही आधी, थंडी सरता सरता, हरभऱ्याचा पाला. कोवळा असतानाच खुडायचा, वाळवून डब्यात दाबून भरायचा आणि भर मे महिन्यात, बाजारात भाजी म्हणून बघवत नाही अशा दिवसांत, लसणाची फोडणी देऊन डाळीत शिजवायचा. भोपाळात इतकी वर्षं काढली, मुलीशी निम्मं हिंदीत बोलायला लागले, सकाळी पोह्यांबरोबर जिलबी खायला लागले, पण हरभऱ्याच्या पाल्याचा डबा माझ्या घरात कधी रिकामा राहिला नाही.

नवरा निवृत्त झाला आणि आम्ही बाग सेवनियात फ्लॅट घेऊन राहायला आलो. अंगण गेलं, गच्ची सगळ्यांची झाली. तरी माझं चाललं होतं आपलं, एका कोपऱ्यात, एका चादरीपुरतं.

आमची एकुलती एक मुलगी उत्तरेत असते. उत्तरेत म्हणजे दिल्ली-बिल्ली नव्हे. डोंगरांच्याही पलीकडे एक खोरं आहे, तिथे जायला एकच घाट आहे, आणि बर्फ पडला की तो वसंतापर्यंत बंद असतो. तिथल्या मुलींच्या निवासी शाळेत ती शिकवते आणि वसतिगृहही सांभाळते. तिने ही नोकरी धरली तेव्हा मी आकाशपाताळ एक केलं होतं. त्याच संस्थेची एक शाळा भोपाळजवळ आहे. तिथे बदली माग, असं मी प्रत्येक फोनवर सांगायचे आणि ती दर वेळी विषय बदलायची. हा हट्टीपणा कुणाचा, असं नवरा विचारायचा आणि माझ्याकडे बघायचा.

पहिल्याच हिवाळ्यात भाजीचा ट्रक घाटाखाली अडकला. फोन लागला की मी आधी खाण्याचं विचारते, तसं विचारलं.

"मुली काय खातात गं?"

"बटाटे. डाळ-भात. नूडल्सची पाकिटं."

"आणि हिरवं काही?"

"आई, इथे आता सगळं पांढरंच आहे."

ती हसली. मला हसू आलं नाही. कारण मग तिने सहज बोलता बोलता सांगितलं की मुलींच्या ओठांचे कोपरे फाटलेत, दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात घाटाखालच्या कंत्राटदाराकडून आलेला सीलबंद मालच वापरायचा, असा संस्थेचा नियम. सगळ्या शाळांना एकच नियम. बाजार हाकेच्या अंतरावर असलेल्या भोपाळला तोच आणि बर्फात गाडलेल्या खोऱ्यालाही तोच.

मी ठरवलं, नियम गेला खड्ड्यात, मी पाठवणार. माझ्या मुलीपुरतं नाही, सगळ्या वसतिगृहाला पुरेल एवढं. कोटऱ्याच्या बाजारात जाऊन मी हरभऱ्याची भाजी पोत्याने मागितली, तेव्हा भाजीवाली माझ्याकडे बघतच राहिली.

"आंटीजी, घर में शादी है क्या?"

"शादी में चने की भाजी कौन खिलाता है? बच्चियों को भेजनी है, पहाड़ पे."

तिने पोतं भरलं आणि वर दोन मुठी जास्तीच्या टाकल्या.

एवढा पाला एका चादरीवर मावणार नव्हता. मी गच्चीभर पसरला. पुढे उन्हं चढली तसे गवार, भेंडी, कोहळ्याच्या वड्या, सगळं वर जायला लागलं. आणि नेमका त्याच वर्षी सोसायटीने गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग लावला होता. अध्यक्ष वर आले. मोठे अधिकारी म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांना गच्चीत सुद्धा ऑफिस दिसतं.

"भाभीजी, ये कोई गाँव थोड़े ही है. दाग पड़ जाएँगे. और देखने में कैसा लगता है!"

"सब्ज़ी जैसा लगता है," मी म्हटलं.

"अब ये सब कौन करता है? फोन पे मँगाइए, दस मिनट में आ जाती है."

दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप. या 'दस मिनट'चा मला भारी राग आहे. रस्ता चालू असतो, पेट्रोल मिळत असतं, पाठवणारा पाठवत असतो, तोवरच ती दहा मिनिटं. त्यातलं एक काही अडलं की या माणसांच्या घरात दुपारच्या जेवणाला काय असतं, ते मला एकदा बघायचंय. महिनोन्महिने चालेल असं अन्न घरात करून ठेवणारी बाई यांना गावंढळ वाटते आणि दोन दिवसांचं दूधही घरात नसणारा माणूस यांना शहाणा वाटतो.

मी खाली आले आणि पाहुण्यांच्या गाड्या लावायच्या जागेत चादरी अंथरल्या. चारही कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. राखणीला खुर्ची टाकून स्वतः बसले. नवरा वरून खिडकीतून म्हणाला, "अगं, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "विचारा त्यांना, आणि येताना छत्री आणा." त्याने छत्री आणली, आणि स्वतःला बसायला स्टूलही. दोन दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरची सिंधी बाई तांदळाचे पापड, तिचे खिचिये, घेऊन उतरली. मग बिहारची एक डाळीच्या वड्या घेऊन आली. सगळ्यांच्या मनात होतं, कुणीतरी आधी चादर टाकायची खोटी होती. अध्यक्षांच्या जावयाला गाडी लावायला जागा मिळाली नाही, तेव्हा गच्चीचं कुलूप आपोआप निघालं. ते पुन्हा लागलेलं नाही.

वाळलेला सगळा माल मी चहाच्या रिकाम्या डब्यांत भरला. आमच्या घरात डबा कधी फेकत नाहीत. साखर बिस्किटांच्या डब्यात, हिंग औषधाच्या बाटलीत, आणि कशात काय आहे ते घरातल्यांना ठाऊक असतं, म्हणून वर चिठ्ठी लावायचं कधी सुचतच नाही. आधी पार्सल, मग बस, मग कुणाची तरी जीप, असं करत ते डबे वर पोहोचले. पाठोपाठ मुलीचा फोन आला.

"आई, तुझ्या भाजीचा चहा झाला."

"काय झाला?"

हरभऱ्याचा पाला वाटेत हिंदकळून हिंदकळून पार चुरा झाला होता. वरून डब्यावर चहाच्या मळ्याचं चित्र. खालून पाठवलेल्या आचाऱ्याने तो भल्या मोठ्या पातेल्यात उकळला, तिकडच्या पद्धतीने मीठ आणि लोणी घातलं आणि सगळ्या पोरींना पेले भरभरून दिला. मी एवढी हसले की फोन नवऱ्याच्या हातात द्यावा लागला.

पण गोष्ट तिथे संपली नव्हती. मुलींनी एकेक घोट घेतला, एकमेकींकडे बघितलं आणि त्यांचं हसू आवरेना. त्यातली एक मोठी मुलगी पेला तसाच हातात धरून उठली, खोलीत गेली आणि आपल्या पेटीच्या तळातून कापडाची पुरचुंडी घेऊन आली. तिने ती माझ्या मुलीसमोर उघडली. वाळवलेला पाला. शलगमचा.

"मॅडम, ये वाली हमारी है. घर की छत की."

मग दुसरीने आणली. तिसरीने आणली. कुणाकडे जर्दाळू, कुणाकडे वाळवलेलं चीज, कुणाकडे जवाचं सत्तू. सगळं लपवलेलं. कारण घरचं खाणं वसतिगृहात आणायला बंदी होती. सुट्टीवरून आलं की पेट्या तपासायच्या आणि असं काही सापडलं तर काढून घ्यायचं, हा नियम.

माझं हसू जागच्या जागी गेलं. मी इथे विटा लावून पहारा देत होते, मनातल्या मनात उभ्या उत्तरेला जेवायला घालत होते, आणि तिथे प्रत्येक घराच्या छतावर भाजी वाळत होती! वाळणारच. जिथे घाट बंद होतो तिथली माणसं काय इतक्या पिढ्या हवा खाऊन जगली? घरी छतभर भाजी, आणि शाळेत आल्यावर त्याच पोरींच्या हिरड्यांतून रक्त.

"नियम कुणी केला?" मी ओरडले. "त्याच्या घराला छत आहे का?"

"आई, ओरडू नकोस. काय करू ते सांग."

"मला कशाला विचारतेस? त्या पोरींच्या आयांना विचार."

तिने विचारलं. त्यांच्या उन्हाळ्याच्या शेवटी गावागावातून बायका पाठीवर भारे घेऊन आल्या. शलगमचा पाला, पालक, मटार, मुळे. वसतिगृहाच्या छतावर पाय ठेवायला जागा उरली नाही. मुलीने फोटो पाठवले, ते मी गच्चीत उभी राहून अध्यक्षांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून एकेक बघितला. तिकडे कोठार भरलं. आचाऱ्यालाही मुलींनी शिकवून तयार केलं.

आणि मग, ऐन थंडीच्या तोंडाशी, संस्थेचे साहेब वर गेले. कोठार बघून भडकतील असं तिला वाटलं होतं. ते भडकले नाहीत, गोड बोलले. असलं गोड बोलणं मला शिवीपेक्षा वाईट वाटतं. आप तो भोपाल की हैं, पिताजी की तबीयत भी ठीक नहीं, बदली की अर्ज़ी दे दीजिए, मैं इसी हफ्ते मंज़ूर कर दूँगा. जाता जाता म्हणाले, नई मॅडम आएँगी तो ये सब हटवा देंगी, नियम तो नियम है.

नवऱ्याची तब्येत खरंच ठीक नव्हती. पावसाळ्यात त्याच्या हृदयाच्या नळीत स्टेंट टाकला होता. दवाखान्याच्या बाकावर मी एकटी बसले होते, आणि तेव्हा मला मुलगी किती हवी होती ते माझं मला माहीत. म्हणून संध्याकाळी तिचा फोन आला, "आई, भोपाळची बदली मिळतेय," तेव्हा नवऱ्याने ऐकलं आणि तो लगेच उठून तिची खोली उघडायला गेला. मलाही आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मला आधी आनंदच झाला.

मग मी विचारलं, "घाट कधी बंद होणार?"

"आता होईलच. बर्फाची भुरभुर सुरू झालीय. उद्याची जीप बहुतेक शेवटची."

"तू उतरलीस तर?"

"नव्या मॅडम घाटाखाली येऊन थांबल्यात. त्याच जीपने त्या वर येतील. कोठार रिकामं करतील."

"आणि नाही उतरलीस तर?"

"तर वसंतापर्यंत कुणीच वर येऊ शकत नाही. ना त्या, ना साहेब, ना कंत्राटदार. नंतर मात्र सोडणार नाहीत. नोकरी जाईल, आई. भोपाळचंही मग विसरायचं."

"आणि तोवर पोरी खातील?"

"खातील. रोज."

नवरा दारात उभा होता. तिच्या पलंगावरची चादर त्याच्या हातात होती. ये म्हण, ये म्हण, असं तो मानेने सांगत होता. वर्षानुवर्षं मी स्वतः हेच मागत आले होते, आणि आता ते कुणीतरी ताटात वाढून समोर ठेवलं होतं, दुसऱ्यांच्या पोरींच्या ताटातलं काढून.

"येऊ नकोस," मी म्हटलं.



"आई, बाबा कसे आहेत?"

"मी आहे त्यांना बघायला. येऊ नकोस. नोकरी गेली की मग ये, मी स्टेशनवर घ्यायला येईन. तोवर त्या पोरींना जेवायला घाल."

"आई, तू रडतेयस का?"

"रडतेय. म्हणून काय झालं? येऊ नकोस."