न्हायची हाक

आमची न्हाय टोफू करून विकायची आणि वर्षातून एकदा ओरडायची. गावात तिची ओळख त्या ओरडण्याची जास्त होती.

दुसऱ्या महिन्यात आमच्या गावची जत्रा असते. ग्रामदेवाच्या देवळापुढं चटया पडतात आणि गावचीच मंडळी जुनं प्रहसन करतात. एक अंमलदार बदकचोरीच्या तपासाला येतो आणि पुरावा म्हणून बदकच आपल्या रुंद बाहीत घालतो. गोष्ट एवढीच. पण रीत अशी की बाही सांभाळत तो रिंगणात येतो तेव्हा गप्पच असतो. बघणाऱ्यांतून कुणी विचारल्याशिवाय त्यानं तोंड उघडायचं नाही. ते विचारणं आधी न्हायच्या सासूकडं होतं, मग न्हायकडं आलं.

"अहो सरकार, बाहीत काय हलतंय?"

"कायदा आहे बाई. अजून कोवळा आहे."

दरसाल याच ठिकाणी लोक डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतात. ठाऊक असलेल्या विनोदाला काय हसायचं, असं बाहेरचे पाहुणे विचारतात. अरे, नवा विनोद आधी समजून घ्यावा लागतो, त्यातच निम्मं हसू वाया जातं.

त्या वर्षी न्हायच्या लेकीचं, थोआचं, ख्वातच्या मुलाशी जमलं होतं. थोआला बाप नव्हता, आणि ख्वात नुकताच गावच्या समितीचा अध्यक्ष झालेला. सुपारी जत्रा झाल्यावर फोडायची होती. जत्रेच्या आदल्या दिवशी ख्वातची बायको तुएत टोफू घ्यायला आली. शाळेतनं निवृत्त झालेली मी तिथंच होते.

"न्हायताई, उद्या जिल्ह्याची माणसं येणार. हे त्यांच्याबरोबर पुढच्या रांगेत बसणार."

"बसू देत की. पुढनं चांगलं दिसतं."

"तसं नव्हे. आता आपण विहिणी होणार. व्याह्यांच्या तोंडावर ते बदक-बिदक बरं दिसतं का? सुपारी अजून फुटायची आहे, एवढंच म्हणते."

ती गेल्यावर मी म्हटलं, "गप्प बसू नकोस हं."

"तुम्हाला पेन्शन आहे बाई," न्हाय म्हणाली. "बिनबापाची लेक माझी आहे."

मी माझा टोफू घेतला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाम अंमलदार होऊन आला. एरवी तो सायकली दुरुस्त करतो. बाहीत बदक खरंच होतं. ठरलेल्या जागी तो थांबला. न्हाय शेंगा सोलत होती. लामनं एक फेरी मारली, पुन्हा थांबला. आणखी एक फेरी मारली. बदक ओरडलं तरी कुणी हसलं नाही.

"अगं न्हाय, झोपलीस का?" मागून कुणीतरी म्हणालं.

"झोपतेय कसली. पुढं कोण बसलंय बघ की," शेजारचा त्याला म्हणाला.

झालं. चटईवरची सगळी डोकी ख्वातकडं वळली. आजवर कितीतरी अध्यक्ष पुढच्या खुर्चीत बसून गेले, पण खेळ चालू असताना त्यांच्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. जिल्ह्याचे पाहुणेसुद्धा बघायला लागले. ख्वातची मान लाल झाली. न्हायच्या हातातली शेंग तशीच राहिली.

मग ख्वात उठला. आवाज चिरकला, पण शब्द बरोबर होते.

"अहो सरकार, बाहीत काय हलतंय?"

लामनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्हीच विचारताय होय? मग निम्मं तुमचं."

लोक चटईवर लोळले. ख्वातही हसला. मनापासून की नाइलाजानं, ते मी सांगू शकत नाही. लहानपणी हाच खेळ बघायला तो देवळाच्या भिंतीवर चढून बसायचा, एवढं मला ठाऊक आहे.

न्हाय मात्र हसली नाही. ती घरी गेली आणि थोआला म्हणाली, "मोडलं बघ."

सकाळी ख्वात स्वतः न्हायच्या दुकानात आला. मागे तुएत.

"का नाही ओरडलात?"

न्हायनं तुएतकडं बघितलं नाही. "घसा बसला होता."

"तुमचा घसा बसला आणि माझं नाव बदकचोर पडलं. दरसाल तुम्ही ओरडता, लोक लामला हसतात. काल तुम्ही गप्प बसलात, तर अख्खं गाव माझ्या बाहीकडं बघायला लागलं."

"अहो, मग सुपारी..."

"सुपारी परवाच. पण पुढच्या साली घसा बसायला नको."

"विहीणबाईंशी असं बोलतात का?" तुएत म्हणाली.

"तू थांब. की घसा तूच बसवलास?"

तुएत टोफूच्या वड्या उलटसुलट करून बघू लागली.

ठरल्या दिवशी लाल कापडानं झाकलेली ताटं घेऊन वरपक्षाची रांग निघाली. वाटेत कुंपणाआडून कुणीतरी बदकाचा आवाज काढला. तुएतनं मान खाली घातली. ख्वात मागं न बघता म्हणाला, "ते ताट मागून येतंय." रांगेतल्या बायांच्या हातातली ताटं हसण्यानं हलली. न्हायनं ती दारात उतरवून घेतली आणि सुपारी फुटली.

थोआ त्या घरात नीट नांदते आहे. तुएत मात्र तेव्हापासून टोफू शेजारच्या गावातून आणते.