हात न लावता घट्ट

आमच्या आप्पांना, म्हणजे उत्तरेश्वर गुळव्यांना, स्वस्थ बसणं ठाऊकच नाही. तीस हंगाम त्यांनी कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांवर गूळ शिजवला. ढवळायचं जरा राहिलं की काहिलीतला रस तळाला लागतो, म्हणून जेवतानाही त्यांचा उजवा हात ताटात गोल फिरतो. आई वैतागते, "अवो, भाकरी ढवळायची नसती!"

मी केजला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उसाच्या चिपाडांपासून जेल बनवते. चिपाड सोड्यात शिजवायचं, धुऊन पांढरं करायचं आणि दळत राहायचं, इतकं की धागे डोळ्यांना दिसेनासे होतात. शंभर भाग पाण्याला दीड भाग धागे पुरतात. ते एकमेकांत गुंततात, त्यांचं जाळं होतं आणि पाणी त्यात अडकून बसतं. बियाण्याला लावायचं पातळ जिवाणू खत यामुळे ओघळत नाही. एका कंपनीचे साहेब ते पाहायला येणार होते. ग्लास पालथा केला तर थेंब पडता कामा नये, एवढीच त्यांची अट.

यंदा आप्पांना मी मदतीला घेतलं होतं. "तुजं जमलं तर ऱ्हातो," ते म्हणाले, "न्हाई तर दिवाळी झाली की जातो गुऱ्हाळावर." साठी उलटलेल्या माणसानं पुन्हा त्या जाळापुढे उभं राहायचं, हे माझ्यानं बघवणार नव्हतं.

आणि लागोपाठ तीन घाणे फुकट गेले! सकाळी मिश्रण करून मी कॉलेजला जाई, दुपारी येऊन ग्लास पालथा करी, की सगळं भदकन फरशीवर. प्रमाण बदललं, दळण वाढवलं, बोअरचं पाणी सोडून शुद्ध पाणी आणलं. डोकं फिरायची वेळ आली.

साहेब यायच्या आदल्या दिवशी एक तास रद्द झाला म्हणून लवकर परतले. आप्पा ग्लासात चमचा घालून मन लावून ढवळत होते.

"आप्पा! हे काय?"

"तळाला लागंल की."

"खाली जाळ कुठंय?"

ते खरंच वाकून बघू लागले. मला हसू येईना आणि रडूही. ढवळलं की धाग्यांचं जाळं सुटतं आणि जेल पातळ होतं, निवांत ठेवलं की पुन्हा घट्ट. हे मी वर्गात घसा फोडून सांगते आणि घरच्या माणसाला सांगितलंच नव्हतं. चूक माझीच.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आप्पा ग्लासासमोर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. पाय हलत होते, कपाळाला घाम.

"कावून जिवाला तरास? भाईर जाऊन बसा," आई म्हणाली.

"न्हाई. नजर तरी ठिवू दे."

साहेबांनी ग्लास पालथा केला. आप्पांनी डोळे गच्च मिटले. थेंबही पडला नाही.

"कुणी केलं हे?" साहेबांनी विचारलं. मी आप्पांकडे बोट केलं.

"म्या? म्या तर कायबी न्हाई केलं."

माझे डोळे भरून आले, पण साहेबांपुढे काय रडायचं, म्हणून चहा करायला गेले.

संध्याकाळी गुऱ्हाळाच्या मालकाचा फोन आला. आप्पांनी तो डाव्या हातानं कानाला लावला. उजवा अजून मांडीखालीच होता.

"यंदा न्हाई येत, मालक. हितंच बसायचं काम लागलंय. लई अवघड हाय."