नव्या बाटलीवर शिंदे गार्डची रेघ

"मुलाणी, ये तुम पहले खाके दिखाव," मिसेस पिंटो म्हणाल्या आणि टोमॅटो सॉसची अर्धी संपलेली बाटली त्यांनी माझ्यासमोर काउंटरवर ठेवली. दुकानात गर्दी होती. सगळी गिऱ्हाइकं आमच्याकडं बघायला लागली.

साठ सालानंतरची गोष्ट. दौंड स्टेशनाजवळच्या एका प्रोव्हिजन स्टोअरमध्ये मी हेड सेल्समन होतो. मालक आप्पा, मांडवगण फराट्याकडचे. घरची बागायत, गावच्या सोसायटीत वजन. रेल्वेच्या माणसाचा पगार वेळेवर होतो हे हेरून त्यांनी दौंडात दुकान टाकलं होतं. डाळ, तांदूळ, तेल आप्पा बघायचे. चीज, मॅकरोनी, जॅम, सॉस या मालाला आप्पा 'साहेबी खाणं' म्हणायचे आणि तो सगळा माझ्याकडं असायचा.

मिसेस पिंटो इंजिन ड्रायव्हरच्या विधवा. रेल्वेच्या जागेत त्या रनिंग स्टाफसाठी मेस चालवायच्या. रनिंग स्टाफ म्हणजे गाडीबरोबर फिरणारे लोक, ड्रायव्हर, गार्ड, फायरमन. रविवारी मेसमध्ये मॅकरोनी असायची आणि तिच्यावर ओतायचा सॉस आमच्या दुकानातून जायचा.

"संडेला मॅकरोनी खाल्ला, मंडेला सगळे बीमार," त्या म्हणाल्या. "तो शिंदे गार्ड तर ड्युटीवर उभा राहू नाही शकला. आता बोलतात, पिंटोबाईचा किचन गंदा. उद्या सॅनिटरी इन्स्पेक्टर येणार. मेसची परमिशन गेली तर मी काय खाणार? ये सॉस तुम पसंद किया था. अब बोलो."

मला राग आला तो त्यांचाच. कारण सॉस निवडण्यात दौंडात माझा हात धरणारा कुणी नव्हता, असं मी समजत होतो आणि ते खरंही होतं.

सॉस कसा निवडायचा ते सांगतो. अवघड काही नाही. बाटली उजेडाला धरायची. चांगल्या सॉसचा रंग पक्क्या विटेसारखा असतो. कुंकवासारखा लालभडक दिसला की समजायचं, टोमॅटो कमी आणि रंग जास्त. मग बाटली उलटी करायची. चांगला सॉस आळसावलेल्या माणसासारखा हळूहळू खाली येतो. शेवटी एक थेंब टीपकागदावर टाकायचा. थेंबाभोवती पाण्याचं मोठं वर्तुळ पसरलं की त्यात पाणी आणि पीठच जास्त. असं तपासून मी एका मोठ्या कंपनीचा सॉस ठरवला होता. तो पुण्याहून रेल्वे पार्सलनं यायचा आणि त्याच्याबद्दल कधी तक्रार आली नव्हती.

मिसेस पिंटोंच्या बाटलीवर लेबल त्याच कंपनीचं होतं. मी ती उजेडाला धरली. आतला सॉस कुंकवासारखा लाल होता.

माझी कानशिलं तापली. मागच्या महिन्यात आप्पा मला म्हणाले होते, "सॉसचं पार्सल बंद कर. म्या परस्पर आणतो, सस्तात पडतंय." तेव्हापासून सॉसच्या पेट्या त्यांच्या मेव्हण्याच्या ट्रकमधून येत होत्या. मेव्हण्याचा मळा शिरूरला. लेबल तेच, टोपण तसंच, म्हणून मी बाटल्या न तपासता शेल्फवर लावल्या. मालकानं आणलेला माल नोकर तपासत नाही, असा आमच्याकडं रिवाज आहे. या रिवाजाला आग लावावी असं मला अजून वाटतं.

मी आतून नवी पेटी आणून काउंटरवर फोडली. एक बाटली उघडून टीपकागदावर थेंब टाकला. वर्तुळ पसरत कागदाच्या कडेला गेलं. थेंब बोटानं चोळला तर पिवळे दोरे हाताला लागले. वास घेतला. लाल भोपळा, व्हिनेगर आणि खाली गुळाचा आंबूस वास.

तोपर्यंत मिसेस पिंटो पेटीतल्या बाटल्या एकेक करून बघत होत्या. एक बाटली त्यांनी उचलली आणि चष्मा वर केला.

"मुलाणी," त्या म्हणाल्या, "ये नया बाटली है?"

"नवीच. तुमच्यासमोर पेटी फोडली."

"तो इसपे शिंदे का लाइन कैसे?"

मला आधी काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. मेसमध्ये प्रत्येकाची सॉसची बाटली वेगळी. गाडी घेऊन सोलापूरकडं गेलेला माणूस दोन दिवसांनी परत यायचा, तोवर दुसऱ्यानं त्याच्या सॉसवर हात मारलेला असायचा. म्हणून जेवण झालं की जो तो आपल्या बाटलीच्या लेबलावर सॉस जिथवर आहे तिथं पेन्सिलीनं रेघ मारायचा. शिंदे गार्ड वरवंडचा. मॅकरोनी त्याला कधीच आवडली नाही, पण सॉस तो भाकरीबरोबर चाटूनपुसून खायचा आणि त्याच्या रेघा सगळ्यात दाट असायच्या. शेवटी तो 'शि' लिहायचा.

त्या नव्या कोऱ्या बाटलीच्या लेबलावर वरून खाली शिडीसारख्या रेघा होत्या आणि शेवटच्या रेघेजवळ 'शि' होतं.

रिकाम्या बाटलीला आमच्या धंद्यात 'एम्टी' म्हणतात. मिसेस पिंटो एम्टी भंगारवाल्याला द्यायच्या. हल्ली तो लेबल धड असलेल्या बाटलीला जास्त भाव देत होता. रिकाम्या बाटलीच्या लेबलाला कोण कशाला भाव देईल, हा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. त्या बाटल्या शिरूरला जात होत्या, तिथं भोपळ्यानं भरून दौंडला परत येत होत्या. नीट धुतही नव्हते. मेसची माणसं आपल्याच उष्ट्या बाटल्या दुसऱ्यांदा विकत घेऊन आजारी पडली होती.

मी ती बाटली घेऊन मागच्या खोलीत आप्पांकडं गेलो. ते पान लावत होते.

"आप्पा, हा माल कुठला?"

"कुठला म्हंजी? सॉसचा."

"यात भोपळा आहे."

"आसंल. भोपळा काय इख हाय व्हय? समदी खात्यात."

"मग भोपळा म्हणून विका."

"भोपळा म्हणून बाटलीत कोण घेतंय?" ते हसले. त्यांना ते खरंच गमतीचं वाटलं होतं.

"आप्पा, माणसं आजारी पडलीत. त्या बाईंची मेस बंद होईल."

"हुं दे की. तिच्या घरात काय काय शिजतं, तुला ठावं हाय का? तिच्याच हातानं पडली आसतील. आपल्या दुकानाचं नाव मधी घ्यायचं न्हाई."

"आणि या पेट्या?"

"हितं नगो लावू. शिक्रापूरच्या बाजारात धाडू. तिथं कोण टीपकागद घिऊन बसलंय?"

इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. चूक झाली म्हणाले असते, मेव्हण्यानं फसवलं म्हणाले असते, तर मी कदाचित गप्प बसलो असतो. पण ज्याला तपासता येत नाही त्याच्या पोटात ही घाण गेली तर चालेल, हा त्यांचा हिशेब मला सहन झाला नाही.

"उद्या मी इन्स्पेक्टरसमोर जाणार," मी म्हणालो.

"जा. मंग ह्या काउंटरला परत यायचं न्हाई."

मी बाटली काखेत मारली आणि निघालो. अंगातला एप्रन काढून दारातल्या तांदळाच्या पोत्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये इन्स्पेक्टर आले. माणूस कोरडा. आधी त्यांनी स्वयंपाकघर बघितलं. भांडी, मोरी, पिंपातलं पाणी. काही सापडेना, तसा त्यांचा चेहरा आणखी कडक झाला. मिसेस पिंटो भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी टेबलावर बाटली ठेवली, ती दुकानातल्या नव्या पेटीतून निघाल्याचं सांगितलं आणि खाटेवर पडलेल्या शिंदे गार्डला हाक मारली.

"ही रेघ कुणाची?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

शिंदेनं बाटली हातात घेऊन फिरवली. "माझी हाय की. ह्या समद्या माझ्याच. ही खालची मारली तवा पाटील फायरमनसंगं माझं भांडान झालं व्हतं."

"बाटली तर गळ्यापर्यंत भरलेली आहे. सॉस रेघेच्या वर आला कसा?"

शिंदेनं बाटली पुन्हा उजेडाला धरली. त्याच्या ध्यानात आलं तसा त्याचा चेहरा बदलला. "आयला," तो म्हणाला, "म्हंजी आमी आमच्याच एम्ट्या खाल्ल्या?"

इन्स्पेक्टरांनी बाटलीला सील लावून ती बरोबर नेली. मेसची परमिशन राहिली. मिसेस पिंटोंनी मला चहा दिला.

इन्स्पेक्टरांचा माणूस दुकानात पोचला तोवर पेट्या गायब होत्या. आप्पांना कुणी धक्का लावला नाही. पुढच्या निवडणुकीत ते सोसायटीचे चेअरमन झाले आणि फेटा बांधून उघड्या मोटारीतून आमच्या रस्त्यानं गेले. मी तेव्हा पत्र्याच्या टपरीत स्वतःचं छोटं दुकान मांडून बसलो होतो. मला ते बघवलं नाही. मी आत जाऊन साबणाच्या पेट्या पुन्हा रचत बसलो.

माझ्या दुकानात एक नियम होता. एम्टी परत आली की गिऱ्हाइकासमोर तिचं लेबल नखानं खरवडून काढायचं. लोक हसायचे. तुम्हीही बाटली भंगारात देण्याआधी तेवढं करा.

पुष्कळ वर्षांनी आप्पा एकदा टपरीत आले. म्हातारे झाले होते. "मुलाणी," म्हणाले, "नातवाला सॉस पायजे. चांगला बघून दे बाबा."

मी बाटली समोर ठेवली. त्यांनी ती उजेडाला धरली. उलटी केली. मग लेबलावरून अंगठा फिरवून पेन्सिलीची रेघ कुठं लागते का ते बघितलं. मी पैसे घेतले. भोपळा विकणाऱ्याला टोमॅटो बरोबर ओळखता येतो.