सहा जणींनी एकीला दिलेला चार्ज

माझी आत्या सरकारी रुग्णालयात एकतीस वर्षं नर्स आहे. गेली नऊ वर्षं पुरुषांचा शस्त्रक्रिया वॉर्ड तिच्या ताब्यात आहे. "घरात ही कुणाचं ऐकत नाही आणि वॉर्डात हिचं सगळे ऐकतात," असं बाबा म्हणतात.

तिला वेड एकाच गोष्टीचं, चार्जचं. पाळी बदलताना जाणाऱ्या नर्सनं येणारीला प्रत्येक खाटेपाशी न्यायचं आणि पेशंटसमोर उभं राहून सांगायचं, की याचं काय झालंय, काय द्यायचं राहिलंय, लक्ष कशावर ठेवायचं. मग चार्जबुकात दोघींच्या सह्या. बाकीच्या वॉर्डांत हे टेबलाशी बसून दोन मिनिटांत उरकतात. आत्या म्हणते, "टेबलाला ताप येत नसतो."

वॉर्डात खाटा सेहेचाळीस. मंजूर नर्स सोळा, हजर पाच. या पाच जणींत तीन पाळ्या, रजा, आजारपणं सगळं बसवायचं. रुग्णालयाचं हजेरीचं सॉफ्टवेअर मी सांभाळते, म्हणून मला माहीत आहे, की वरच्या कार्यालयातल्या पडद्यावर या वॉर्डाची हजेरी अठ्ठ्याण्णव टक्के दिसते. रिकामी पदं हिशेबात धरायचीच नाहीत, असा लेखी आदेश आहे. पाचातल्या पाच आल्या की झाले शंभर टक्के. ते सूत्र बदलायची परवानगी मी दोनदा मागितली. नकार आला असता तरी बरं वाटलं असतं, निदान कुणी वाचलं असं तरी कळलं असतं.

मग व्हायचं तेच झालं. वॉर्डातली सगळ्यात लहान नर्स, जिला सगळे धाकटी म्हणतात, दुपारच्या पाळीत एकटी होती. नऊ नंबरच्या खाटेवरच्या पेशंटचे टाके सुटून रक्त वाहत होतं, ती तिथे दाब देऊन उभी होती. तेवढ्यात एकतीस नंबरचे आजोबा एकटेच उठले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. नातेवाइकांनी तक्रार केली, आणि का करू नये? पण नोटीस आली ती धाकटीला. 'कर्तव्यात कसूर केल्याबद्दल सेवेतून का कमी करू नये?' चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. अकरा जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवणाऱ्याला कुणी नोटीस पाठवली नाही.

त्याच सुमारास रुग्णालयांतल्या मनुष्यबळाची तपासणी करायला लोकप्रतिनिधींची समिती येणार, असं कळलं. रुग्णालयाच्या अधीक्षक साहेबांनी आत्याला बोलावून घेतलं. आजूबाजूच्या आरोग्य केंद्रांतून सहा नर्स एका दिवसासाठी आणणार होते. आत्यानं फक्त गप्प राहायचं. "त्या मुलीच्या नोटिशीचं मी बघतो," असं साहेब म्हणाले.

संध्याकाळी बाबांनी तिला समजावलं. "ताई, एक दिवस तोंड बंद ठेव ना. पोरीची नोकरी वाचतेय."

"वाचेल की. पुढच्या महिन्यात दुसरा म्हातारा पडेल, तेव्हा कुणाची वाचवू?"

"मग बोलणार आहेस?"

"नाही रे. तिच्या पोटावर पाय देऊन कशी बोलू?"

ती जेवली नाही. इतकी हतबल मी तिला कधी पाहिली नव्हती.

समितीच्या दिवशी सकाळी जीपमधून सहा नर्स उतरल्या. कडक इस्त्रीचे गणवेश, चेहरे ओशाळलेले. साहेब म्हणाले, "खाटांच्या मधे मधे उभ्या राहा." आत्या म्हणाली, "चार्ज घेतल्याशिवाय माझ्या पेशंटला कुणी हात लावायचा नाही." साहेबांना त्यात वावगं दिसलं नाही, उलट शोभाच वाटली असेल. आत्यानं सहा जणींना सात-आठ खाटा वाटून चार्ज दिला. चार्जबुकात त्यांनी नाव, वेळ आणि आपापल्या केंद्राचं नाव लिहून सह्या केल्या.

समिती यायची होती दहाला. आली सव्वाएकला. हजेरीचा पडदा त्या दिवशी वॉर्डात आणून लावला होता, तो चालू करायला मी तिथेच होते. अध्यक्षबाई वॉर्डात शिरताच खूष झाल्या. "इथे तर भरपूर नर्स आहेत की!" साहेबांनी अठ्ठ्याण्णव टक्के दाखवले. आत्या गप्प. धाकटी, दुपारच्या पाळीसाठी नुकतीच आलेली, औषधांच्या कपाटाला टेकून उभी.

तेवढ्यात जीपचा ड्रायव्हर दारातून डोकावला. "सिस्टर, चला बरं. तीन वाजता केंद्रावर लसीकरण आहे. बायका पोरं घेऊन बसल्यात, दाराला कुलूप."

साहेबांनी त्याला डोळ्यांनी दटावलं, पण सहा जणी निघाल्याच. आत्याच्या तोंडून नेहमीचं वाक्य गेलं, "चार्ज देऊन जा गं."

ते तिनं ठरवून केलं असं मला वाटत नाही. एकतीस वर्षांची जिभेची सवय.

एकामागून एक सहा जणी आपापल्या खाटांपाशी गेल्या आणि चार्ज देऊ लागल्या. पहिलीनं धाकटीला दिला. दुसरीनंही धाकटीलाच. तिसरी म्हणाली, "माझा कुणी घ्यायचा?" धाकटी म्हणाली, "मीच." सेहेचाळीस खाटा संपेपर्यंत समिती उभी होती. जायची वाट त्याच खाटांमधून होती.

शेवटी अध्यक्षबाईंनी विचारलं, "दुपारच्या पाळीच्या बाकीच्या नर्स कुठे आहेत?"

"कुठल्या बाकीच्या?" आत्या म्हणाली.

"मॅडम, ही तात्पुरती सोय..." साहेब पुढे आले.

अध्यक्षबाईंनी चार्जबुक मागून घेतलं. आजचं पान वाचलं, मग मागची चाळली. धाकटीला विचारलं, "रोज एकटीच असतेस?" धाकटीनं मान हलवली. आता आत्याला लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनं एकतीस नंबरच्या आजोबांचं सांगितलं, नोटिशीचं सांगितलं, आवाज न चढवता.

समितीच्या अहवालात ते सगळं आलं. धाकटीची नोटीस मागे घेतली गेली. वॉर्डात पेढे नव्हते, चहा मात्र दोनदा झाला.

आणि तीन आठवड्यांनी माझ्या टेबलावर आदेश आला. समितीनं अकरा पदं रिक्त असल्याबद्दल गंभीर आक्षेप घेतला होता. त्यावर प्रशासनानं उपाय शोधला होता. ती अकरा पदं रद्द. मंजूर पदं यापुढे पाच, रिक्त शून्य. सॉफ्टवेअरमध्ये आकडा तातडीनं बदलावा. आजार असा बरा करायचा असेल, तर रुग्णालयं तरी कशाला हवीत?

मी आदेश घेऊन आत्याकडे गेले. तिनं तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "कागद दे." अध्यक्षबाईंना पत्र लिहिलं. सोबत आदेशाची प्रत आणि दोन महिन्यांच्या चार्जबुकाची पानं. खाली सही करून तिनं ते बाकीच्या तिघींपुढे सरकवलं.

धाकटीनं हात पुढे केला, तेव्हा आत्यानं कागद ओढून घेतला. "तू नाही. तुझी नोटीस आत्ता कुठे गेलीय."

"मग?"

"मग काय? चौघी पुरे."

"दुपारी एकटी कोण असतं?" धाकटी म्हणाली. तिनं आत्याच्या हातातून कागद काढून घेतला आणि सगळ्यांच्या वर, जिथे जागा नव्हती तिथे, सही केली.