चौकात लागलेला माझा शब्द

परदेशात पुढचं शिकायचं म्हणून मी इंग्रजीची ती मोठी परीक्षा द्यायचं ठरवलं. अवघड शब्द आणि त्याहून अवघड उतारे, असा तिचा थाट. लातूरला एका अभ्यासिकेत जागा घेतली. तिथे सगळे डॉक्टर व्हायला निघालेले. शेजारच्या मुलीने विचारलं, "तुझा बायो कुठवर आला?" मी म्हटलं, "मला फक्त इंग्रजी आहे." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अभ्यासिकेत झोपायलाच आले होते.

पंधरा दिवसांनी एकदा मी गावी जायची. आमचं गाव उमरीच्या अलीकडे, फाट्यावरून आत. आई तूर निवडत बसायची आणि मी शेजारी बसून शब्द पाठ करायची. शब्द लक्षात राहावा म्हणून प्रत्येकाला ओळखीतलं एक माणूस जोडायचं, अशी माझी युक्ती होती.

"गॅरुलस," मी म्हटलं. "म्हणजे विनाकारण बडबड करणारा. आपले काका!"

आई खुदकन हसली आणि लगेच तुरीत मान घातली. दारात काका उभे होते.

"काय म्हणलीस मला?"

"गॅरुलस, काका."

"म्हंजे?"

मी वहीत बघत म्हटलं, "म्हणजे... ज्याला बोलायला कधी शब्द कमी पडत नाहीत असा."

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, "लिहून दे," म्हणाले आणि मी लिहून दिलेला तो शब्द दोनदा वाचून ती परत खिशात ठेवली. ते गेल्यावर आई म्हणाली, "आता हे कुठं जाऊन सांगतेत, देव जाणे."

पुढच्या खेपेला एसटीतून फाट्यावर उतरले आणि सामानासकट तिथेच थांबले. चौकात काकांच्या वाढदिवसाचा भला मोठा फ्लेक्स लागला होता. काळा गॉगल, कानाला फोन आणि खाली ठळक अक्षरांत: 'पंचक्रोशीचे गॅरुलस नेतृत्व'. खालच्या ओळीत शुभेच्छुकांचे चौदा पासपोर्ट फोटो.

घरी न जाता मी थेट काकांकडे गेले. ओसरीवर चहा चालला होता. लोक उठून जाईपर्यंत कडेला बसून राहिले आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं.

काका गप्प झाले. त्यांना गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला रडूच आलं.

"कुणाला कळलंय का?" त्यांनी हळूच विचारलं.

"अजून न्हाई."

"शाळंतल्या गुरुजीला?"

"त्यांनीच तर फ्लेक्सला हार घातला म्हणं, फाट्यावरचे लोक सांगत होते."

काका खो खो हसले. "मग कशाला रडायलीस? अन् खोटं काय हाय त्यात? तुझी काकू हेच मराठीत म्हणते, रोज." आतून काकूंचा आवाज आला, "लई बरोबर हाय तो शब्द!"

परीक्षेच्या दिवशी नांदेडला जीपने न्यायचा हट्ट काकांचाच. वाटेत शेवटची उजळणी करावी म्हणून मी वही उघडली होती, पण गावापासून नांदेडपर्यंत मला सोयाबीनवरची अळी, दोन सोयरिकी आणि भोकरचा बैलबाजार एवढंच ऐकायला मिळालं. परीक्षेत समुद्री गोगलगायींवर उतारा आला. चार वेळा वाचला. गोगलगाय मला कळली, लेखकाला तिच्याबद्दल काय म्हणायचं होतं ते काही कळलं नाही. शब्दांत चांगले गुण पडले, वाचनात सपशेल आपटले.

दोन दिवस मी अंथरुणावरून उठले नाही. तिसऱ्या दिवशी आईने निवडायची तूर माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "शब्द झाले ना पाठ? आता उतारे वाचून दाखव. मला समजंल असं मराठीत सांग." मग मी रोज एक उतारा वाचायची. आईला पटेपर्यंत सुटका नव्हती. लेखक उगाच फिरवून सांगतोय हे तिला माझ्याआधी कळायचं. तीन महिन्यांनी परीक्षेला पुन्हा बसले, तेव्हा वाचनाचे गुण शब्दांच्याही वर गेले.